घरची वाइन : बरणी, नळी आणि बूच

नाताळासाठी घरीच द्राक्षांची वाइन करण्याचा प्रघात गोव्यातील कित्येक कुटुंबांत आहे. त्यासाठी लागणाऱ्या साधनांचा येथे थोडा विचार करू. आपापल्या राज्याचे अबकारी नियम मात्र आधी पाहावेत. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे, हे बडोद्याच्या वाचकांना सांगणे नकोच.

पहिले साधन बरणी. ती काचेची किंवा चांगल्या झिलईची चिनी मातीची असावी. तांब्यापितळेची व अ‍ॅल्युमिनियमची भांडी वर्ज्य समजावीत. रसातील आम्ल धातूला खाते. लोणचे अशा भांड्यांत का घालीत नाहीत, हे गृहिणींना ठाऊकच आहे. बरणी पाऊणच भरावी, कारण रस आंबताना फेस वर चढतो. ढवळण्यास लाकडी डाव व गाळण्यास मलमलीचे फडके पुरे. ही सारी साधने आधी कढत पाण्याने स्वच्छ करावीत.

खरी कसोटी लागते ती बरणीचे तोंड बंद करताना. यीस्ट साखरेपासून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. एक किलो साखर पुरती आंबली, तर सुमारे अडीचशे लिटर वायू सुटतो! बूच घट्ट बसविले, तर भांडे फुटून काचा उडतील. तोंड उघडे ठेवले, तर हवेवर पोसणारे जंतू वाइनचा शिरका करतील. तेव्हा वायूला बाहेर वाट हवी, पण हवेला आत शिरकाव नको. उपाय अगदी स्वस्त आहे. बुचातून रबरी नळी काढावी. तिचे आतले टोक रसाच्या वर राहावे आणि बाहेरचे पाण्याच्या पेल्यात बुडालेले असावे.

बुडबुडे थांबले म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. थंडीनेही यीस्ट मंदावते. म्हणून हायड्रोमीटर अवश्य घ्यावा. दुधाचा लॅक्टोमीटर त्याच तत्त्वावर चालतो, पण त्याचे आकडे येथे उपयोगी नाहीत. पाण्याचे माप १.०००, तर गोड द्राक्षरसाचे १.०८० च्या आसपास असते. मद्यार्क पाण्याहून हलका असल्यामुळे पुरत्या आंबलेल्या वाइनचे माप १.००० च्याही खाली उतरते. ते उतरून काही दिवस तेथेच स्थिर राहिले, तरच गाळ न हलविता नळीने वाइन बाटल्यांत उतरवावी आणि मग बुचे घट्ट बसवावीत. त्याआधी केलेली घाई घरातील मुलामाणसांच्या डोळ्यांवर बेतू शकते.