काटकसर बायकांपासूनच का?

पैसा आला की खेळ वाढतो, म्हणतात. पण कुणाचा? इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब २०१० साली पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने विकत घेतला. मे २०२५मध्ये खर्चाचं कारण देऊन क्लबने महिला संघासाठी दुसऱ्या श्रेणीच्या लीगचा परवाना घ्यायचं नाकारलं. संघ खाली गेला, तो मैदानावर हरून नव्हे. क्लबांच्या पैशावर देखरेखीचा कायदा तिथे जुलै २०२५मध्ये झाला. तोही पुरुषांच्या पहिल्या पाच श्रेणींपुरताच! घरात पैसा कमी पडला की आधी मुलीची शाळा सुटते, हे मी वस्तीत काम करताना पाहते. इथेही तेच. मैत्रिणींनो, मालकाच्या मर्जीवर मिळालेली जागा हा हक्क नव्हे. बायकांचा खेळही या कायद्यात आलाच पाहिजे.