विनोदाचा तराजू

विनोदाला सोवळें असावें कीं नसावें, हा वाद जुना आहे. पण असलेंच तर तें सर्वांसाठीं एक असावें, एवढें वाचक मान्य करतील. अमेरिकेंत ‘कॉमेडी सेंट्रल’ या दूरचित्रवाहिनीवर १९९७ सालीं ‘साउथ पार्क’ नांवाची उपहासात्मक चित्रमालिका सुरू झाली. ता. ४ जुलै २००१ रोजीं तींत येशू व बुद्ध यांच्यासमवेत इस्लामचे पैगंबरही चितारले होते; फारशी कुरकुर झाली नाहीं. पुढें डेन्मार्कमधील व्यंगचित्रांवरून आगडोंब उसळला. एप्रिल २००६ मध्यें वाहिनीनें पैगंबरांची आकृति दाखविण्याचें नाकारलें. त्याच भागांत येशूची किळसवाणी विटंबना मात्र जशीच्या तशी दाखविली. २०१० सालीं धमकीवजा इशारा येतांच पैगंबरांचें नांवच नव्हे, तर भयाविषयींचें अखेरचें भाषणही कर्कश ध्वनीखालीं दडपलें गेलें.

आम्ही कोणाच्याच विटंबनेचा कैवार घेत नाहीं. श्रद्धावंतांचें मन दुखवूं नये, हें आम्हांस मान्यच आहे. नोकरांचे जीव सांभाळणें हाही वाहिनीचा धर्मच. पण मग भयाला आदर म्हणूं नये. जो सोसतो त्याची थट्टा आणि जो दंडा उगारतो त्याला नमस्कार, अशानें सोसणाराही उद्यां दंडाच शोधूं लागेल. आपल्या घरांतही धाकट्या सुनेची नक्कल सर्वांदेखत होते, तापट काकांची मात्र दार लावून. हंसण्यापूर्वीं आपापला तराजू पाहून घ्यावा, हें बरें.