वाटाड्या निवडताना

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. इंग्रज अधिकाऱ्यांशी त्याचा उधारउसनवारीचा, घेण्यादेण्याचा व्यवहार चाले. एकदा त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. परवाना मिळाला, कापडही आलं, छावणीत राजरोस विकलंही गेलं. फक्त ते कापड हरीसिंगाचं नव्हतं. जवळच्याच एका गावचा व्यापारी तो माल घेऊन मुंबईहून येत होता. त्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेत संपवून हरीसिंगाच्या टोळीने माल हिंगोलीत आणला, आणि नाक्यांवर दाखवायला सरकारी कागद होताच. मेडोज टेलरने 1839 साली छापलेल्या आपल्या ठगांवरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकिकत दिली आहे. छावणीच्या बाजारात, पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर माणसं मारून पुरली होती, असंही तो सांगतो. पकडल्यावर हरीसिंगाने स्वतःच कबुली दिली म्हणून प्रकरण कळलं.

ठगांची रीत साधी होती. वाट वाईट आहे, एकट्याने जाऊ नका, आमच्याबरोबर चला, असं ते म्हणत. म्हणजे ते लुटण्याआधी सुरक्षितपणा विकत. समुद्राकडून हिंगोलीकडे येणाऱ्या रस्त्यावर कोणाच्या भरवशावर चालायचं, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला असा जुना आहे. आज तो पुन्हा विचारायची वेळ दरवर्षी दिवाळीनंतर येते. सोयाबीन विकून झालेलं असतं, हळद काढायला अवकाश असतो, आणि पुण्यात हिंजवडीला किंवा चाकणला नोकरी करणारा मुलगा आईवडिलांना बोलावून घेतो. आलाच आहात तर समुद्र दाखवतो, म्हणतो. मग मोबाइलवर जाहिराती येतात. पहाटे पुण्याहून निघायचं, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून रात्री परत. नाश्ता, जेवण, गाईडसह. एकाच्या यादीत तीन ठिकाणं, दुसऱ्याच्या यादीत पाच, तिसऱ्याचा दर दोनशे रुपयांनी कमी. घरोघरी निवड होते ती याच दोन आकड्यांवर, ठिकाणं किती आणि दर किती. आमचं म्हणणं असं की हे दोन्ही आकडे बिनकामाचे आहेत, आणि इतिहासात प्रवाशाने कधीही एवढ्यावर वाटाड्या निवडलेला नाही.

मराठवाड्याला समुद्र नाही, पण समुद्राचा संबंध दोन हजार वर्षांचा आहे. पहिल्या शतकातला ग्रीक दर्यावर्दी ‘पेरिप्लस’मध्ये लिहितो, की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिवजवळचं तेर. तिथला माल गाड्यांतून बंदराला जाई. कल्याण-सोपाऱ्याकडे उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख अजून आहे. पुढे निजामशाहीत चित्र पालटलं. हैदराबादच्या निजामाने मछलीपट्टण आणि उत्तर सरकार हे प्रांत इंग्रजांना दिले, 1788 मध्ये गुंटूरही गेलं आणि राज्याचा किनारा संपला. शेवटच्या निजामाला ही गोष्ट इतकी सलत होती की सत्तेचाळीसच्या सुमारास गोव्यातलं मुरगाव बंदर पदरात पाडून घेण्यासाठी पोर्तुगिजांशी बोलणी चालली होती. ते काही जमलं नाही. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात, आणि तेव्हा कुठे हिंगोलीचा माणूस ज्या राज्यात राहतो त्याला पुन्हा किनारा मिळाला.

मधल्या सगळ्या काळात हिंगोलीला समुद्राशी बांधून ठेवलं ते बंजाऱ्यांनी. आजही जिल्ह्यात तांड्यांची वस्ती दाट आहे. शेकडो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे देशावरचं धान्य खाली नेत आणि कोकणातलं मीठ घाट चढून वर आणत. तांड्याचा नायक हा या महाराष्ट्रातला सगळ्यात पक्का वाटाड्या म्हटला पाहिजे. कुठल्या घाटात कुठल्या महिन्यात पाणी असतं, बैल किती कोस चालल्यावर थकतो, कुठल्या नदीला केव्हा उतार मिळतो, हे त्याला ठाऊक असे. दिवसाचा मुक्काम तो गाठायच्या गावावरून ठरवत नसे, बैलावरून आणि पाण्यावरून ठरवी. चुकला तर नुकसान त्याचंच, कारण त्याची बायकापोरं त्याच तांड्यात चालत असत. वाटाड्याची परीक्षा यापेक्षा चांगली कोणती? ज्याला धोका आपल्याबरोबर सोसावा लागतो, तो धोक्याबद्दल खरं बोलतो. रेल्वे आली तसा हा धंदा बसला. पूर्णा-हिंगोली मीटरगेज 1912 सालची आहे. तोवर मीठ वाघिणीतून येऊ लागलं होतं.

यात्रेकरूंची व्यवस्था वेगळी होती, पण तत्त्व तेच. महानुभावांनी चौदाव्या शतकात स्थानपोथी रचली. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले ती ठिकाणं, देऊळ कुठल्या दिशेला, दार कुणीकडे, स्वामी कुठे बसले, असा बारकावा तिच्यात आहे. ठिकाण ओळखू यावं आणि भलत्याच दगडासमोर डोकं टेकवलं जाऊ नये एवढीच तिची काळजी. अमुक एवढी ठिकाणं एका दिवसात उरका, असं ती सांगत नाही. आपल्याच नर्सीचे नामदेव ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रेला गेले आणि पुढे पंजाबात घुमानपर्यंत पोचले. पण त्यांना गुरू भेटला तो घराशेजारी, औंढ्याला, विसोबा खेचरांच्या रूपाने. क्षेत्रोक्षेत्री तीर्थोपाध्ये असत, त्यांच्या वहीत पणजोबांची सही असे. आज या उपाध्यांबद्दल आपण नाकं मुरडतो आणि त्यांच्या दक्षिणेच्या तक्रारी खोट्याही नव्हत्या. पण त्या वहीमुळे उपाध्याला तुमच्या घराण्याशी पुढच्या पिढीतही गाठ आहे हे माहीत असे. एकदा फसवलं तर अख्खं गाव तुटे.

त्याच सुमारास, म्हणजे हरीसिंगाच्या कबुलीला फार वर्षं उलटली नसताना, इंग्लंडात टॉमस कुक नावाच्या माणसाने 5 जुलै 1841 रोजी सुमारे पाचशे माणसं लेस्टरहून लाफबरोला आगगाडीने नेली आणि त्याच दिवशी परत आणली. माणशी एक शिलिंग. दारूबंदीच्या सभेची ती सहल होती. एक दिवस, ठरलेला दर, ठरलेली परतीची वेळ, बरोबर नेणारा माणूस, हा आजच्या सहलीचा साचा तिथून आला. कुकच्या साच्यात दोष नव्हता, कारण लेस्टर-लाफबरो अंतर अकरा मैल आणि रस्त्यात रूळ. अडचण पुढे झाली. साचा तोच राहिला आणि अंतर वाढत गेलं. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विचारा. गावाकडून आईवडील आले की डब्लिनहून मोहरच्या कड्यांची एक दिवसाची बस ठरलेली. दोनशे मीटरहून उंच कडे, खाली अटलांटिक, आणि जाऊनयेऊन सहा-सात तास बसमध्ये. कड्यावर मिळतात ते जेमतेम दीड-दोन तास. तिथेही यादीत आणखी दोन गावं घुसडलेली असतात.

आता आपल्या हरिहरेश्वराकडे येऊ. रायगड जिल्ह्यात, सावित्रीच्या मुखाजवळ हे गाव. ताम्हिणीतून उतरून पुण्याहून पाच तास तरी लागतात. पेशव्यांचं हे कुलदैवत. आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, आणि पुन्हा काळभैरव, असा इथला रिवाज. देवळामागून प्रदक्षिणेची वाट डोंगरावर चढते, मग दोन कातळांच्या चिंचोळ्या फटीतून दगडी पायऱ्या उतरून एकदम समुद्रासमोर आणून सोडते. बाजूला लाटांनी पोखरून चाळणी केलेला कडा, पायाखाली सपाट, ओला, शेवाळलेला खडक. हाच बेसॉल्ट हिंगोलीतही आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आपल्याकडे झिजून काळी माती झालेला. इथे समुद्र त्याला अजून खातो आहे. या खडकावरून कड्याला वळसा घालून वाट पुन्हा वाळूवर येते. ओहोटीला ही वाट आहे. भरतीला नाही. पाणी कड्याला भिडतं, लाट मागून येते, आणि मधे अडकलेल्या माणसाला चढायला जागा नसते. तिथे फलक लावलेले आहेत, पहारा असतो, तरी अपघात होतात.

भरती केव्हा, हे कळायला कोकणातल्या जुन्या माणसाला कुठलंही यंत्र लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. शुद्ध असो की वद्य, चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता समुद्र पूर्ण भरलेला. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे भरती, आणि तीही वर्षातल्या मोठ्या भरत्यांपैकी. हिशेब ठोकळ आहे, पाऊणएक तास इकडेतिकडे होतो, अचूक वेळ सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरतीच्या कोष्टकात मिळते. पण हिंगोलीत ज्या घरी कालनिर्णय टांगलेलं आहे, त्या घरात हे कोष्टक निम्मंअधिक आलेलंच आहे. एकादशीसाठी रोज ते पाहणाऱ्या आजीला समुद्राची वेळ काढता येते, फक्त तिला कोणी सांगितलेलं नसतं.

हा हिशेब जाहिरातीला लावून पाहा. संकष्टीला दिवेआगरच्या गणपतीची खास सहल निघते. दर्शन, जेवण, श्रीवर्धनला फोटो, आणि तिसऱ्या प्रहरी हरिहरेश्वर. चतुर्थीची पाऊणपट तीन. गाडी नेमकी भरतीला पोचते. महाशिवरात्रीला माघ वद्य चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. सकाळच्या गर्दीच्या वेळी मोठी भरती. तारीख ठरवणाऱ्याने पंचांग पाहिलं, पण देवाच्या बाजूने पाहिलं, समुद्राच्या बाजूने नाही. यादीत पाच ठिकाणं असली की गाडी थांबून ओहोटीची वाट पाहू शकत नाही, कारण पुढचं ठिकाण आणि परतीचा घाट डोक्यावर असतो. ठिकाणांचा आकडा वाढला की धोका वाढतो तो असा. आणि समोर माइक घेऊन अंताक्षरी खेळवणारा, उतरताना डोकी मोजणारा मुलगा हा गाईड नव्हे. तो चांगला असेल, मेहनती असेल, पण त्या कातळाची त्याला ओळख नाही. ती कोळ्याला असते, गुरवाला असते, घरगुती खानावळ चालवणाऱ्या बाईला असते.

1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून एका दिवसाच्या सहलीला मुरुड-जंजिऱ्याला गेलेल्या शंभराहून अधिक विद्यार्थ्यांपैकी चौदा बुडाले. बरोबर शिक्षक होते. 15 एप्रिल 2017 रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे आठ गेले, त्यातही शिक्षक होते. दोन्हीकडे माणसं बरोबर होती, पाणी ओळखणारं कोणी नव्हतं. ही मुलं किनाऱ्यावर वाढलेली नव्हती. मराठवाड्याची मुलंही नसतात. कयाधूचा डोह ज्याला कळतो त्याला समुद्र कळेलच असं नाही, उलट पोहता येतं या भरवशावरच तो आत जातो.

मग निवडायचं कसं? आमचा सल्ला असा, की आधी दिवस निवडा आणि मग गाडी. ज्या दिवशी तुमच्या पोचण्याच्या वेळेला ओहोटी लागलेली असेल तो दिवस. पावसाळ्यात प्रदक्षिणेचा विचारच नको. यादीत दोनपेक्षा जास्त ठिकाणं असली तर तो कागद बाजूला ठेवा, दर कितीही पडेल असला तरी. आणि फोनवर एवढंच विचारा, हरिहरेश्वरला आपण किती वाजता पोचतो आणि त्या वेळी भरती की ओहोटी? जो लगेच उत्तर देतो त्याच्याकडे जा. जो म्हणतो, काळजी करू नका, आम्ही आहोत ना, त्याच्याकडे जाऊ नका. हरीसिंगाच्या माणसांचंही वाक्य तेच होतं, आणि आजचा सहलवाला ठग नसला तरी हे वाक्य वाटेची माहिती देत नाही.

ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर एक दिवसाची सहल मुळात टाळावी, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. हिंगोलीहून पुण्याला रात्रभराचा प्रवास, दुसऱ्या पहाटे पुन्हा गाडी, दोन वेळा घाट, आणि त्यात ओल्या पायऱ्या. एक मुक्काम करा. किनाऱ्यालगत घरगुती खोल्या मिळतात, एक दुपार-संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ हाती लागते, त्यामुळे ओहोटीची वाट पाहता येते. 2024 पासून जनशताब्दी हिंगोलीहून मुंबईला जाते, त्यामुळे पुण्याला वळसा घालण्याचीही सक्ती उरलेली नाही.

सगळ्यात जास्त हा मजकूर वाचावा तो शाळांच्या मुख्याध्यापकांनी. डिसेंबर-जानेवारीत एसटीच्या सवलतीच्या गाड्या घेऊन जिल्ह्यातल्या शाळा कोकणात सहली नेतात, आणि तारखा ऑक्टोबरात ठरतात. यंदा तारीख ठरवायला बसाल तेव्हा सुट्ट्यांच्या यादीबरोबर तिथीही लिहा, तिची पाऊणपट काढा, आणि किनाऱ्यावर उतरल्यावर मुलं पाण्याजवळ जाण्याआधी तिथल्या एखाद्या कोळ्याला पैसे देऊन दिवसभर बरोबर ठेवा.