आधी नियमावली, मग नाव

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीला दोन-अडीच वर्षे अवकाश असतानाच पक्षाच्या उमेदवारीची माळ कोणाच्या गळ्यात पडणार, याची चर्चा सुरू होते आणि ती बहुधा माणसांभोवतीच फिरते: कोणाचे वक्तृत्व प्रभावी, कोणाकडे पैसा अधिक, कोणाचे नाव देशभर परिचित, दूरचित्रवाणीवरील वादचर्चेत कोण बाजी मारणार. २०२८ साठी ही चर्चा विशेष रंगते आहे. कोणालाही दोनपेक्षा अधिक वेळा अध्यक्षपदी निवडून येता येणार नाही, असे राज्यघटनेची बाविसावी दुरुस्ती सांगत असल्यामुळे डोनाल्ड ट्रम्प पुन्हा उमेदवार होऊ शकत नाहीत आणि दोन्ही पक्षांत मैदान मोकळे आहे. रिपब्लिकन पक्षात जे. डी. व्हान्स, डेमोक्रॅटिक पक्षात गॅविन न्यूसम आणि पीट बुटिजेज अशी नावे घेतली जातात व प्रत्येकाच्या नावापुढे संधीचे टक्के मांडले जातात. प्रस्तुत स्तंभाचे प्रतिपादन असे की, हा हिशेब उलट्या क्रमाने मांडला जात आहे. पक्षांतर्गत निवडणुकीतील संधी ही उमेदवाराच्या अंगी असलेली गोष्ट नसून प्रतिनिधी वाटपाचे नियम, राज्यांचा मतदानक्रम आणि रिंगणात टिकून राहिलेले इतर उमेदवार या तिहींच्या मेळातून ती घडत जाते. या तीन गोष्टी पाहिल्याखेरीज केलेले भाकीत अंदाजपंचेच ठरते.

मुळात पक्षाचा उमेदवार तेथे थेट लोकमताने ठरत नाही. प्रत्येक राज्यातून पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडले जातात आणि त्यांच्या बहुमताने उमेदवारी जाहीर होते. हे प्रतिनिधी कोणाच्या वाट्याला किती यावेत, हे ठरवण्याच्या दोन पद्धती आहेत. नेहमीप्रमाणे मतदान केंद्रावर जाऊन गुप्त मतदान करण्याच्या पद्धतीला प्रायमरी म्हणतात, तर ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी गावोगावी व प्रभागोप्रभागी पक्षाच्या मतदारांनी सभा भरवून कौल देण्याच्या पद्धतीला कॉकस म्हणतात. ही रचना फार जुनी नाही. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकाही प्रायमरीत न उतरता, पक्षातील वजनदार मंडळींच्या बळावर डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली आणि शिकागोच्या त्या अधिवेशनात रस्त्यावर व सभागृहात जो गदारोळ झाला, त्यातून पक्षाने नियम बदलण्यासाठी आयोग नेमला. या आयोगाचे आरंभीचे अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न होते, आणि नव्या नियमांखालील १९७२ च्या पहिल्याच निवडणुकीत उमेदवारी मिळाली ती त्यांनाच. नियम ज्याला ठाऊक त्याची संधी मोठी, याचा इतका उघड दाखला दुसरा नसेल.

डेमोक्रॅटिक पक्षाचा आजचा मुख्य नियम प्रमाणशीर वाटपाचा आहे: राज्यात किंवा मतदारसंघात किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्या उमेदवारांमध्ये तेथील प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. वरवर न्याय्य वाटणाऱ्या या नियमाचा परिणाम मात्र मतदारसंघाला दिलेल्या प्रतिनिधींची संख्या सम आहे की विषम, यावर अवलंबून असतो. दोनच उमेदवार उरले असता चार प्रतिनिधींच्या मतदारसंघात एकाला ६० टक्के व दुसऱ्याला ४० टक्के मते पडली, तरी वाटप दोन-दोन असेच होते. तीन-एक अशी आघाडी घ्यायची तर साडेबासष्ट टक्क्यांचा टप्पा ओलांडावा लागतो. याउलट तीन प्रतिनिधींच्या मतदारसंघात ५१ टक्के मते मिळवणारा दोन प्रतिनिधी घेऊन जातो. म्हणजे एका ठिकाणी वीस टक्क्यांची आघाडी निष्फळ ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी दोन टक्क्यांची आघाडी कामी येते. प्रचाराचा वेळ व पैसा कोठे ओतायचा, हे ज्याला या कोष्टकावरून ठरवता येते, त्याचे पारडे कोणत्याही चाचणीत दिसत नसताना जड झालेले असते.

२००८ मध्ये बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यातील लढतीत नेमके हेच घडले. ५ फेब्रुवारी रोजी वीसहून अधिक राज्यांत एकाच दिवशी मतदान झाले. न्यू जर्सीत ११ लाखांहून अधिक मतदारांनी भाग घेतला, तेथे क्लिंटन सुमारे दहा टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या आणि प्रतिनिधींची वाटणी ५९ विरुद्ध ४८ अशी झाली. त्याच दिवशी आयडाहो या विरळ वस्तीच्या, रिपब्लिकन वळणाच्या राज्यात सुमारे २१ हजार लोक कॉकसला आले. क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेने तेथे फारसे लक्ष घातले नव्हते, ओबामांना ८० टक्क्यांच्या आसपास मते मिळाली आणि १८ पैकी १५ प्रतिनिधी त्यांच्या पदरात पडले. आयडाहोतील निव्वळ लाभ १२ प्रतिनिधींचा, न्यू जर्सीतील ११ चा. त्या रात्रीच्या बातम्यांत क्लिंटन यांचे कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी यांसारख्या मोठ्या राज्यांतील विजय गाजले, परंतु दिवसअखेर प्रतिनिधींच्या बेरजेत ओबामाच किंचित पुढे होते. पुढे मार्चमध्ये टेक्सासची प्रायमरी क्लिंटन यांनी ५१ विरुद्ध ४७ टक्क्यांनी जिंकली. पण त्या राज्यात प्रायमरीच्या जोडीला कॉकसही असल्याने अंतिम वाटपात ९९ प्रतिनिधी ओबामांना आणि ९४ क्लिंटन यांना मिळाले. या प्रचारात मतदारांनी कोणाला अधिक पसंत केले, हा प्रश्न जून महिन्यापर्यंत वादाचा राहिला. प्रतिनिधींच्या गणिताचा निकाल मात्र फेब्रुवारीतच जवळजवळ लागला होता.

रिपब्लिकन पक्षात हेच गणित वेगळ्या रीतीने चालते, कारण तेथे वाटपाची पद्धत ठरवण्याची बरीच मुभा राज्य शाखांना आहे आणि अनेक राज्ये पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला सर्वस्व देऊन टाकतात. २०१६ मध्ये साऊथ कॅरोलायनात २९ प्रतिनिधी राज्यभरात पहिल्या आलेल्या उमेदवारासाठी आणि सात मतदारसंघांपैकी प्रत्येकात पहिल्या आलेल्यासाठी तीन-तीन, असे एकूण ५० प्रतिनिधी होते. ट्रम्प यांना तेथे सुमारे ३२.५ टक्के मते मिळाली, म्हणजे तीनपैकी दोन मतदारांनी त्यांना नाकारले. मार्को रुबिओ आणि टेड क्रूझ यांच्यात उरलेल्या मतांची विभागणी झाली आणि पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी ट्रम्प यांच्याकडे गेले. त्या वर्षी आरंभी सतरा प्रमुख उमेदवार होते. ट्रम्प यांच्या संधीला किरकोळ समजणाऱ्या विश्लेषकांनी त्यांच्या लोकप्रियतेची मर्यादा बरोबर ओळखली होती, पण त्या मर्यादेतही जिंकता येईल अशी नियमांची व प्रतिस्पर्ध्यांची मांडणी आहे, हे त्यांनी हिशेबात धरले नाही. हीच मते प्रमाणशीर नियमाखाली पडली असती, तर ती शर्यत बरीच लांबली असती.

दुसरा घटक क्रमाचा. सर्व राज्यांत एकाच दिवशी मतदान होत नसल्यामुळे आधीच्या राज्यांचा निकाल पुढच्या राज्यांतील मतदारांसाठी संकेत ठरतो आणि त्या संकेताचा अर्थ आकड्यांपेक्षा अपेक्षांवरून लावला जातो. १९७२ मध्ये न्यू हॅम्पशायरची प्रायमरी एडमंड मस्की यांनी ४६ टक्के मते घेऊन जिंकली, तरी शेजारच्या मेन राज्याच्या सिनेटरने याहून मोठा विजय मिळवायला हवा होता, अशा टीकेने तो विजय पराभवासारखा ठरला. १९७६ मध्ये आयोवाच्या कॉकसमध्ये सर्वाधिक कौल ‘अद्याप कोणाच्याही बाजूने नाही’ या पर्यायाला होता आणि जिमी कार्टर यांना तीस टक्क्यांहूनही कमी पसंती मिळाली होती. परंतु ज्याचे नाव कोणाच्या ओठी नव्हते तो नावानिशी असलेल्या सर्वांच्या पुढे गेला, एवढ्याने कार्टर यांची हवा तयार झाली. अपेक्षा वर्तमानपत्रे आणि वाहिन्या तयार करतात. त्यामुळे संधीची चर्चा करणारा माणूस त्या शर्यतीचा निव्वळ प्रेक्षक राहत नाही, तर निकालाचे माप ठरवणारा पंच होऊन बसतो.

आयोवातील डेमोक्रॅटिक कॉकसची जुनी रीत पाहिली की तिसऱ्या घटकाचे, म्हणजे इतर उमेदवारांचे, महत्त्व लक्षात येते. शाळेच्या सभागृहात किंवा चर्चमध्ये जमलेले मतदार आपापल्या उमेदवाराच्या नावाच्या कोपऱ्यात उभे राहत आणि उघडपणे डोकी मोजली जात. साधारणपणे ज्या गटात उपस्थितांच्या १५ टक्के माणसे भरत नसत, तो गट त्या सभेपुरता बाद होई. मग शेजारच्या गटांतील कार्यकर्ते येऊन त्या मंडळींची मनधरणी करीत आणि दुसरी मोजणी होई. अशा ठिकाणी पहिल्या पसंतीइतकीच दुसरी पसंती मोलाची असते, आणि जनमत चाचणीतला पहिला क्रमांक तिच्याविषयी काहीच सांगत नाही. देशाच्या पातळीवर हीच प्रक्रिया २०२० मध्ये घडली. जो बायडेन आयोवात चौथे व न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते आणि अनेकांनी त्यांचा पत्ता कट झाल्याचे जाहीर केले होते. २९ फेब्रुवारीला साऊथ कॅरोलायनातील कृष्णवर्णीय मतदारांनी, खासदार जेम्स क्लायबर्न यांच्या जाहीर पाठिंब्यानंतर, त्यांना मोठा विजय मिळवून दिला. पाठोपाठ पीट बुटिजेज व एमी क्लोबुचर यांनी माघार घेऊन त्यांच्यामागे बळ उभे केले आणि ३ मार्चला चौदापैकी दहा राज्ये बायडेन यांनी जिंकली. तीन दिवसांत बायडेन बदलले नव्हते, बदलले होते ते रिंगण. स्वतःच्या खिशातून सुमारे एक अब्ज डॉलर ओतणाऱ्या मायकेल ब्लूमबर्ग यांना त्या दिवशी केवळ अमेरिकन सामोआ हा बेटांचा प्रदेश जिंकता आला.

यावर असा आक्षेप घेता येईल की, नियम व क्रम सर्वांनाच सारखे असतात, मग अखेर फरक पाडतो तो माणूसच. हा आक्षेप निम्मा खरा आहे. २००८ मध्ये ओबामांचे वक्तृत्व नसते, तर आयोवा त्यांच्या हाती लागला नसता. परंतु तो विजय निर्णायक का ठरला, याचे उत्तर वक्तृत्वात नाही. कृष्णवर्णीय उमेदवाराला गोरे लोक मत देतील का, या शंकेने २००७ अखेरपर्यंत अनेक कृष्णवर्णीय मतदार क्लिंटन यांच्या बाजूने होते. नव्वद टक्क्यांहून अधिक गोरी वस्ती असलेल्या आयोवाने ती शंका फेडली आणि तीन आठवड्यांनी साऊथ कॅरोलायनात ओबामांना ५५ टक्के मते मिळाली. हीच दोन राज्ये उलट क्रमाने आली असती, तर त्याच माणसाची, त्याच भाषणांची फलश्रुती वेगळी झाली असती.

महाराष्ट्रात ज्याला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात, तो निवडून येण्याच्या क्षमतेचा निकष एबी फॉर्म वाटणारे मोजके पक्षश्रेष्ठी लावतात. अमेरिकेत तोच निकष लाखो सामान्य मतदार लावतात आणि एकाच पक्षातील उमेदवारांत धोरणांचा फरक थोडा असल्यामुळे ‘मत वाया जाऊ नये’ हा विचार तेथे अधिकच बळावतो. संधी माणसाच्या अंगी नसते, हे मराठी वाचकाला परिचित अशा एका नावातही दिसते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढवली आणि तिघांत ते सुमारे १८ टक्के मतांसह तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉईट परिसरातील प्रतिनिधीगृहाच्या जागेसाठी नऊ जणांच्या प्रायमरीत सुमारे २८ टक्के मते त्यांना विजयी करण्यास पुरली. दोन्ही वेळा माणूस तोच, स्वतःचा पैसा खर्च करण्याची तयारीही तीच. फरक होता मतदारसंघाचा आणि मतविभागणीचा.

राष्ट्रीय जनमत चाचण्यांचा या सर्वांत उपयोग नाही असे नाही, पण मतदानाच्या वर्षभर आधी त्या बहुतांशी नावाची ओळख मोजतात. २००७ मध्ये बहुतेक चाचण्यांत रुडी जुलियानी रिपब्लिकन शर्यतीत आघाडीवर होते; आरंभीची राज्ये सोडून फ्लोरिडावर भिस्त ठेवण्याचा त्यांचा डाव फसला आणि तेथे तिसरे आल्यावर त्यांनी माघार घेतली. २०११-१२ मध्ये रिक पेरी, हर्मन केन, न्यूट गिंग्रिच व रिक सँटोरम हे आळीपाळीने पहिल्या क्रमांकावर आले आणि उमेदवारी मिट रॉम्नी यांना मिळाली.

म्हणून २०२८ विषयी विचारण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत. डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ मध्ये आयोवाचे अग्रस्थान काढून साऊथ कॅरोलायनाला पहिले स्थान दिले होते. २०२८ मध्ये आरंभ कोणत्या राज्यापासून होतो, यावर कृष्णवर्णीय मतदारांत मुळे नसलेल्या उमेदवाराला दम धरता येईल की नाही, हे ठरेल. रिपब्लिकन पक्षात पहिल्या क्रमांकाला सर्वस्व देणारी राज्ये किती लवकर येतात आणि तोवर आघाडीच्या उमेदवाराचे किती विरोधक रिंगणात राहतात, हे निर्णायक असेल. ही माहिती हाती नसताना नावापुढे टक्का लिहिणारा विश्लेषक वाचकाला ज्ञान देत नाही, मात्र जिंकण्याची आशा पाहून मत देणाऱ्या मतदाराचे मन तो वळवू शकतो. निवडणुकीवर प्रभाव टाकणाऱ्या भाकितासाठी निदान त्याचा आधार उघड करण्याची जबाबदारी भाकीत करणाऱ्याने घ्यावी: कोणते नियम, कोणता क्रम आणि किती प्रतिस्पर्धी गृहीत धरून हा आकडा काढला, हे ज्याला सांगता येत नाही, त्याने उमेदवारांच्या धोरणांवर लिहावे, तो विषय अधिक उपयोगाचा आहे आणि त्यावर लिहायला टक्केवारी लागत नाही.