बार निघाला म्हणजे बंदूक चांगली?

मंडळी, या वीकेंडला सिनेमा नाही, पुस्तक नाही. आज बंदूक!

वडूजच्या मावसभावाने फोटो पाठवलेत. आजोबांच्या काळातली दुनळी बाराबोर, उजव्या नळीला तोंडापासून वीतभर अलीकडे पोचा, आणि आत बॅटरी मारली की काळे ठिपके दिसतात म्हणे. प्रश्न एकच, "तू इंजिनियर ना? मग सांग, चालेल का?" (इंजिनियर म्हटलं की प्रिंटरपासून विहिरीच्या मोटरपर्यंत सगळं आपल्याकडेच येतं. आता हे एक राहिलं होतं.)

माझं मत आधीच सांगून टाकतो. फोटो बघून "चालेल" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, "नको" म्हणणाऱ्यावर खुशाल ठेवावा. हा पक्षपात आहे, पण मुद्दाम केलेला. "नको" चुकलं तर एक जुनी वस्तू उगाच खुंटीला लटकून राहील. "चालेल" चुकलं तर नळीखाली धरलेल्या डाव्या हाताची बोटं जातील, कदाचित डोळाही.

गावाकडची खात्रीची पद्धत तुम्हाला माहीत असेल. बंदूक जुन्या टायरला बांधायची, चापाला दोरी लावायची, बांधाआड बसून ओढायची. बार निघाला, नळी शाबूत... झालं, बंदूक पास! आमच्या धंद्यात याला "माझ्या मशीनवर चालतंय की" असं म्हणतात. एक टेस्ट पास झाली याचा अर्थ ती एक टेस्ट पास झाली, बस्स. उलट त्याच बाराने पातळ झालेली जागा केसभर ताणली असेल, तर पुढचा बार खांद्यावरून काढणाऱ्याच्या नशिबी काय आहे कोण जाणे.

खऱ्या चाचणीला प्रूफ म्हणतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून हेच करतंय. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवायचं, मग नळी पुन्हा तपासायची, आणि टिकली तरच शिक्का मारायचा. पण शिक्का त्या दिवसापुरता. पुढच्या साठ पावसाळ्यांत काय गंजलं ते त्याला ठाऊक नसतं. त्यातून आपल्याकडे निवडणूक आली की परवानाधारकांना हत्यारं ठाण्यात जमा करायला लावतात. तिथे त्यांना तेल कोण लावणार?

आता दाबाचं बोलू. साध्या आधुनिक बाराबोर काडतुसासाठी युरोपात जी मर्यादा मानतात ती सुमारे ७४० बारची. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतात, त्यावरून अंदाज करा. हा दाब काडतुसाच्या घरात आणि त्यापुढच्या थोड्याशा लांबीत सगळ्यात जास्त, तोंडाकडे कमी कमी होत जातो. त्यामुळे तेच खड्डे तोंडाजवळ असले तर एक गोष्ट, घराजवळ असले तर वेगळीच. आणि खड्डे किती खोल यापेक्षा खाली धातू किती उरलाय हे महत्त्वाचं. इंग्लंडमध्ये वीस थाऊ, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, ही किमान जाडी मानायचा प्रघात आहे. आपला व्हर्नियर नळीच्या तोंडापर्यंतच पोचतो. मधली जाडी मोजायला वेगळं गेज लागतं, ते असतं जाणत्या आर्मररकडे.

पोचा आणि फुगवटा यांत गल्लत करू नका. पोचा म्हणजे बाहेरून मार बसून नळी आत दबली. तो कारागीर आतून उचलू शकतो, अर्थात जाडी पुरेशी असेल तर. फुगवटा म्हणजे आत काहीतरी अडकलं होतं आणि त्यावर बार निघाला. तिथला धातू ताणून पातळ झालाय, ठोकून खाली बसवला तरी गेलेली ताकद परत येत नाही. आणि अडकायला काहीही पुरतं. चिखल, चिंधी, कुंभारीण माशीचं घर. कधी चुकून वीस बोरचं काडतूस बाराच्या नळीत सरकून पुढे जाऊन बसतं, नळी रिकामी वाटते, मागे बाराचं घातलं जातं, आणि मग... (म्हणूनच वीस बोरची काडतुसं पिवळी करतात.)

मला सगळ्यात आवडलेला बग मात्र वेगळाच आहे. जुन्या इंग्लिश बंदुकांचं घर बहुधा ६५ मिलिमीटरचं, आजची बहुतेक काडतुसं ७० ची. पण हे ७० मोजतात काडतूस उडून तोंड उघडल्यावर! न उडालेलं काडतूस आखूड असतं, त्यामुळे ६५ च्या घरात ते मजेत बसतं. उडताना तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बसतंय म्हणजे चालतंय असं नाही, हे एवढ्या दुष्टपणे शिकवणारं इंटरफेस मी दुसरं पाहिलेलं नाही :)

नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली, तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, सांधून केलेली डमास्कस नळी असू शकते. सांध्यात आत गंज असेल तर बाहेरून दिसत नाही. अशी असेल तर मी पुढची चर्चाच करणार नाही. आणि घरात ठासणीची बंदूक असेल तर आधी ती भरलेली नाही ना ते बघून घ्या. आत दारू तशीच राहिलेल्या असतात!

राहता राहिला कायदा. आजोबा गेले असतील तर त्यांच्या लायसनवर नातवाने बंदूक ठेवता येत नाही. ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःचं लायसन मागायचं असतं. आजोबा हयात असतील आणि सत्तरी ओलांडली असेल, किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असेल, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे ते हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करू शकतात. दुरुस्ती आणि चाचणी यांचाही परवाना लागतो, शस्त्र कायदा १९५९, कलम ५. म्हणजे टायरवाली टेस्टही बादच. आणि "पोचा आहे तेवढा तुकडा लेथवर कापून टाकू" हा जो सल्ला एखादा वेल्डर हमखास देतो, त्याच्यासाठी कलम ६ आहे. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा सरळ गुन्हा.