साखर, मीठ आणि एक दार

कुणी गाव विचारलं की मी आधी 'ढोकी' म्हणते. मग समोरच्याचा चेहरा बघून 'उस्मानाबाद' म्हणते आणि २०२३ पासून त्याला 'म्हणजे आताचं धाराशिव' अशी पुरवणी जोडते. तरीही चेहरा कोराच राहिला तर शेवटचा पत्ता टाकते, 'अहो, तेरणा साखर कारखाना!' मग एखादे काका तरी मान डोलावतात.

तर गेल्या मे महिन्यात या साखरेच्या गावात मी चक्क आडवी झाले. आणि उठले तीही साखरेवरच!

झालं असं की, रात्रभराचा एसटीचा प्रवास आणि वाटेत एका ढाब्यावर हाणलेली अंडा बुर्जी. दुपारपर्यंत पोटानं मोर्चाच काढला. दहा-बारा वेळा 'तिकडे' जाऊन आले. पण मी पडले शहरातली शहाणी. भरपूर पाणी प्यायचं हा मंत्र आपल्याला पाठ. बाटलीमागून बाटली रिचवली. वर एनर्जी हवी म्हणून थंडगार कोला. संध्याकाळी जिभेला कोरड, पायांत गोळे आणि उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार. सगळा फंडाच फेल!

आजी ओसरीवर लोणच्याच्या कैऱ्या चिरत होती. माझ्याकडे एकदा बघितलं आणि विळी बाजूला सारली.

"नुस्तं पानी पिऊन काय व्हतंय, बाय? आलं तसं जातंय."

तिनं उकळून गार केलेलं पाणी घेतलं, साखर मोजून घातली, मीठ त्याहून जपून घातलं आणि उशाशी बसली. "घोट घोट घे. गटागटा नगं." सकाळी मी उठून बसले होते आणि चहा मागत होते.

आता पत्रकार म्हटल्यावर किडा वळवळणारच. पाणी तर तेच. चमचाभर साखर-मिठानं एवढा काय फरक पडला? परत आल्यावर वाचत बसले आणि सॉलिड प्रकार हाती लागला.

आपली प्रत्येक पेशी म्हणजे एक फ्लॅट समजा. भोवती भिंत म्हणजे चरबीच्या रेणूंचं दुपदरी पातळ आवरण. ऑक्सिजन त्यातून आरपार जातो, कुणी अडवत नाही. पाण्याला स्वतःचे वेगळे बोळ आहेत. पीटर अ‍ॅग्रे यांना ते सापडले आणि त्यासाठी २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. पण मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज यांना ही भिंत ओलांडता येत नाही. त्यांना दार लागतं, आणि दारावर वॉचमन असतो.

लहान आतड्यातल्या पेशींवरचा एक वॉचमन तर फारच तऱ्हेवाईक. एकट्या ग्लुकोजला आत घेत नाही, एकट्या सोडियमलाही नाही. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज अशी तिघांची टोळी आली तरच दार फिरतं. मग पेशीच्या मागच्या बाजूचा एक पंप ते सोडियम रक्ताच्या दिशेनं ढकलतो. हा पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. सोडियम पुढे सरकलं की पाणी आपसूक त्याच्या मागे. पाण्याला वेगळं आमंत्रण लागत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशींना क्लोराइड बाहेर ओतायला लावतं. मागोमाग पाणीही वाहून जातं, माणूस काही तासांत सुकतो. पण एवढ्या धुमाकुळातही ते साखर-मिठाचं दार शाबूत असतं! म्हणजे गळती बंद झाली नाही तरी या दारातून पाणी परत भरता येतं.

आणि माझा कोला? त्यात साखर भारंभार, मीठ नावापुरतं. आतड्यात इतकी साखर साचली की उलट शरीरातलंच पाणी आतड्याकडे ओढलं जातं. आजीच्या कैऱ्या आठवा. मीठ चोळून ठेवल्या की रात्रीतून बरणीत पाणी सुटतं. बाहेर मीठ जास्त झालं की फोडींच्या पेशींतलं पाणी बाहेर येतं. कोला पिऊन मी पोटात साधारण तेच करत होते. म्हणून आजीचं ते मोजून घालणं महत्त्वाचं.

हे सगळं उत्साहानं तिला फोनवर सांगितलं. वाटलं, खूश होईल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या बापाच्या पाठीवरचा एक हुता. ठावं हाय ना तुला?"

मला माहीत नव्हतं. दीड वर्षाचं पोर. १९६९ चा उन्हाळा. जुलाब लागले. घरातले, शेजारचे, सगळे एकच सांगत होते की पाणी पाजू नका, पाजलं तर आणखी जुलाब होतील. पोर पाण्यासाठी रडत होतं आणि आजीनं, जेमतेम विशी ओलांडलेल्या त्या मुलीनं, मन घट्ट करून पाणी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते रडायचंही थांबलं.

"घरात साखर हुती," ती म्हणाली. "मीठ बी हुतं."

मी तारखा बघत बसले. रॉबर्ट क्रेन यांनी सोडियम-ग्लुकोजच्या जोडदाराची कल्पना प्रागमध्ये मांडली १९६० साली. डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ढाक्यात कॉलऱ्याच्या रुग्णांना हे पाणी पाजून दाखवलं १९६८ साली. आणि १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पिंपात कालवून नातेवाइकांच्याच हातात पेले दिले. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'नं याला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण जाहीर झालं २०२३ मध्ये.

म्हणजे आजीचं बाळ गेलं तेव्हा पेशीच्या दाराची किल्ली सापडून नऊ वर्षं झाली होती. ती ढोकीच्या दारापर्यंत पोचली नव्हती, इतकंच.

पुढे काही वर्षांनी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई पुड्या घेऊन गल्लीत आल्या. आजीनं त्यांच्याकडून प्रमाण घोटून पाठ केलं आणि मग गल्लीतलं एकही पोर तिच्या तांब्यातून सुटलं नाही. मी फक्त शेवटची गिऱ्हाईक!

तर मंडळी, प्रमाण लिहून घ्या. एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. अंदाजपंचे नको, मीठ जास्त झालं तर घातक. त्याहून बरी केमिस्टकडची ओआरएसची पुडी, फक्त पाकिटावर 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' लिहिलंय ना, ते बघा. आणि लघवी बंद झाली, रक्त पडलं किंवा पोटात पाणीही ठरेना, तर लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

माझ्या पर्समध्ये हल्ली लिपस्टिकच्या शेजारी दोन पुड्या असतात. मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीनं हसून विचारलं, "हे काय गं आजीबाईसारखं?"

म्हटलं, "आजीचंच आहे."