टॅब वाटून शिक्षण झिरपत नाही!

पुण्याच्या बुधवार पेठेत तीन ठिकाणे चालत दहा मिनिटांच्या आत आहेत. भिडे वाड्याची जागा, जिथे १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. अप्पा बळवंत चौकातला पुस्तकांचा बाजार. आणि तपकीर गल्लीतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. शाळेत तंत्रज्ञान आणायचे म्हटले की सरकार थेट तिसऱ्या ठिकाणी जाते. दुःखाची गोष्ट ही की आपले कार्यकर्तेही तिथेच जाऊ लागले आहेत. जयंती आली की टॅबवाटप, फोटो, हार. वस्तीतल्या शाळेत चौथीला शिक्षक आहे की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही.

मित्रांनो, हा वाद नवा नाही. इंग्रज सरकारचे धोरण होते की वरच्या वर्गाला शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी या धोरणाचे वाभाडे काढले. शेतकऱ्याच्या सारापट्टीवर वरच्यांची कॉलेजे पोसली जातात आणि त्याच्या पोराला साधी प्राथमिक शाळा मिळत नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितले. बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. आणि शिक्षक कसा हवा, तेही सांगितले: प्रशिक्षित, शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातला, महिना किमान १२ रुपये पगाराचा. त्यांच्या हिशेबात शिक्षक पहिला होता.

आजची डिजिटल शाळा हा झिरपण्याचाच नवा अवतार आहे. आता ज्ञान शहाण्या माणसाऐवजी पडद्यातून झिरपणार, एवढाच फरक. पण ते कुणाच्या घरात झिरपणार? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या जेमतेम २४ टक्के घरांत इंटरनेट होते आणि १०.७ टक्के घरांत संगणक. ग्रामीण भागात संगणक ४.४ टक्के घरांत. दोनच वर्षांत कोरोना आला आणि शाळा मोबाइलवर गेली. ज्या घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर कामावर जातो, त्या घरातल्या मुलीची शाळा त्या दिवशी संपली. आज फोन वाढले आहेत, हे मान्य. पण रिचार्ज संपल्यावर पुस्तकावरचा क्यूआर कोड ही नुसती काळी नक्षी उरते.

यंत्राने शिकवता येते, असे म्हणणाऱ्यांनी पेरू देशाकडे पाहावे. तिथल्या सरकारने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप मुलांना दिले. ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला तेव्हा गणितात आणि भाषेत काहीच सुधारणा आढळली नाही. उलट आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले पाहा. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा चर्चा क्यूआर कोडची झाली. पण त्यांनी आधी पुस्तके मुलांच्या मातृभाषेत नेली आणि कोड त्यानंतर छापले. कोडमागे शिक्षक उभा होता, म्हणून कोड चालला.

याचा अर्थ तंत्रज्ञान नको, असा कोणी काढू नये. ‘गरिबांच्या मुलांना कशाला हवा कॉम्प्युटर’ म्हणणारा आपल्या मुलाला कोडिंगच्या क्लासला घालतो, हे आपण रोज पाहतो. आपल्याला वरची वस्तू नाकारायची नाही, तिच्यावरचा ताबा हवा आहे. फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. छापखाना हे त्या काळाचे तंत्रज्ञान होते. ती छापलेले वाचून थांबली नाही, तिने स्वतः लिहिले आणि धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारला. आपल्या पोरांच्या हातात टॅब देताना कसोटी हीच लावा: हे मूल त्यावर काही घडवते आहे, की दुसऱ्याने तयार केलेले व्हिडिओ नुसते बघते आहे?

म्हणून यंदा टॅबच्या वर्गणीची पावती फाडण्याआधी एक काम करा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या, आणि दुर्बल घटकांना प्रमाणात जागा. त्या जागांवर आपल्या आया बसवा आणि चार प्रश्न विचारायला लावा. शिक्षकांची किती पदे रिकामी आहेत? संगणक खोलीची चावी कुणाकडे असते? बिघडलेले यंत्र दुरुस्त करायला पैसा कुठून येणार? आणि शिक्षकाचा किती वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो?

भिडे वाड्याची मोडकळलेली इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली. तिथे राष्ट्रीय स्मारक ठरले आहे. ते व्हायलाच हवे. पण तिथे भव्य पडदे लागले आणि शेजारच्या वस्तीतल्या शाळेत शिक्षक नसला, तर सावित्रीमाईचा त्याहून मोठा अपमान दुसरा नाही.

आधी शिक्षक मागा, मग टॅब. आणि दोन्ही हक्काने मागा, दान म्हणून नको!

जय भीम! जय सावित्री!